रेघ कागदावर, बांध शिवारात

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपली, असं महाराष्ट्रातलं जवळपास प्रत्येक शेतकरी घर मानतं. पीककर्जाला तो लागतो, सोयरीक जुळवताना तो विचारला जातो, भावकीच्या वादात तोच पुढे केला जातो. आता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडून कलम १५७ वाचावं. अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित झालेला फेरफार या गोष्टी खऱ्या मानायच्या, असं ते सांगतं. कुठपर्यंत? उलट सिद्ध होईपर्यंत, किंवा तिच्या जागी दुसरी नोंद कायदेशीररीत्या येईपर्यंत.

म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव हे सरकारने धरलेलं एक गृहीत आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती नोंद सारा वसुलीच्या सोयीसाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितलेलं आहे. मग खरेदीखत? १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंद होते ती दस्ताची. अमक्याने तमक्याला अमुक जमीन विकल्याचा कागद झाला, एवढ्यालाच दुय्यम निबंधकाचा शिक्का साक्षी असतो. विकणारा खरोखर मालक होता का, याची खातरजमा करणं हे त्या कार्यालयाचं काम नाही. म्हणून तर वकील तीस-तीस वर्षांचे जुने दस्त आणि फेरफार उपसत बसतात आणि शेवटी मत देतात. तेही मतच असतं. सुमारे तेहतीस लाख चौरस किलोमीटरच्या या देशात ‘ही शेतजमीन तुमचीच, आणि आम्ही चुकलो असलो तर भरपाई देऊ’ असं लिहून देणारा कागद शेतकऱ्याच्या पेटीत नाही. एवढी कर्जं, एवढी लग्नं, एवढे व्यवहार या गृहीतावर चालत आले आहेत, हे लक्षात आलं की थक्क व्हायला होतं.

हे असं का, याचं उत्तर इंदापूरच्या माळावर सापडतं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खन कंपनीच्या हाती आलं. नव्या राज्यकर्त्यांना पहिला प्रश्न पडला तो साऱ्याचा. आर. के. प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. हा विलायतेत खुद्द माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक शेताच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचा पंचावन्न टक्के सारा ठरवायचा, असा त्याचा हिशेब. कागदावर तो चोख होता. शिवारात मात्र मोजणी चुकली, हाताखालच्या कारकुनांनी पैसे खाल्ले, सारा भलताच चढला आणि कुणबी जमिनी टाकून परागंदा झाले. इंदापूर तालुक्यात शेतंच्या शेतं पडीक राहिली.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये तिथूनच नव्याने सुरुवात केली. उत्पन्नाच्या हिशेबात त्यांनी डोकं घातलं नाही, सरळ मातीला हात घातला. या कामाला प्रतबंदी म्हणतात. शेताचे मनाने चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खणून मातीची खोली बघायची, रंग बघायचा, मग प्रत ठरवायची. पावणेदोन हात खोल, उत्तम काळी जमीन असेल तर सोळा आणे. खोली दीड हात भरली की चौदा आणे. तिथून उतरत उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. चुनखडी मिसळलेली आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी साचतं, ओढ्याचा पूर येतो, असा एकेक दोष निघाला की प्रत एकेक पायरी खाली. प्रत्येक दोषाची वेगळी खूण त्या छोट्या चौकोनात मांडायची. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी बांधला गेला. जुन्या प्रतबुकातला एखादा चौकोन आज पाहिला, तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या जागी माती किती हात खोल होती हे वाचता येतं. त्या मानाने त्या शेतात कोणाकोणाचा हक्क होता, हे फार कमी कळतं.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज हमरस्त्याकडेच्या प्लॉटिंगवाल्याला गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट हे पाठ असतं. तेहतीस गुणिले तेहतीस करून पाहिलं की ती जुनी साखळी तिथे निघते.

सर्व्हे नंबर केवढा असावा, हेही त्या वेळी ठरलं. एका बैलजोडीला झेपेल एवढा. त्या तुकड्यात तीन भाऊबंद वेगवेगळं कसत असले तरी नंबर एकच पडायचा. सारा कोणाकडून घ्यायचा, हे कळण्यापुरतं एक नाव खात्याला लागलं की सरकारचं काम भागत असे. सारा भरत राहिलात तर जमीन तुमच्याकडे, भरायचा नसेल तर राजीनामा देऊन सोडता येत होती. त्या जमिनीवर आणखी कोणाचा हक्क आहे, गहाण कोणाकडे आहे, वाट कोणाची जाते, यासाठी वेगळी नोंदवही हवी असं मुंबई सरकारला वाटलं ते १९०३ मध्ये, म्हणजे पहिल्या नंबराला दगड लागल्यानंतर सदुसष्ट वर्षांनी. आजचा गाव नमुना सात त्या नोंदवहीच्या वंशातला. त्याला पिकांचा नमुना बारा जोडला गेला आणि दोन्ही मिळून सातबारा झाला. वर मालकाचं नाव आणि खाली कपाशी, तूर, पड. साऱ्याच्या हिशेबासाठी तयार झालेल्या कागदाला आपण पुढे मालकीचा पुरावा मानत गेलो.

यातूनच पुढच्या सगळ्या गोंधळाचा उलगडा होतो. जिथे सारा होता, तिथे मोजणी बारकाईची. जिथे सारा नव्हता, तिथे नकाशा कोरा. जुना गावनकाशा पाहावा: नंबर, ओढे, गाडीवाटा, विहिरी, सगळं आहे, आणि मधोमध एक मोकळा डाग. ते गावठाण. तिथे पिकत काही नव्हतं, म्हणून साऱ्याची आकारणी नव्हती, म्हणून आतली मोजणी नव्हती. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, त्या घराखालच्या जागेला नकाशात रेघ नाही आणि बँकेत किंमत नाही. हा डाग भरायला ड्रोन यावा लागला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्राने हा प्रयोग आधी करून पाहिला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली आणि देशभर गावठाणांवर ड्रोन उडू लागले. ड्रोनला घर दिसतं, अंगण कोणाचं ते दिसत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी गावकरी आणि भूमापक मिळून घराघराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. शेजारी दारात उभा असतो, ‘अजून वीतभर अलीकडे’ म्हणतो, थोडी घासाघीस होते, दोघांची मान हलते, मग चुना पडतो. या साऱ्या यंत्रणेतली सगळ्यात मोलाची घटना मला ती मान हलणं वाटते. उपग्रह आणि कॅमेरा तिच्यानंतर येतात.

शेतांची गोष्ट याहून गुंतलेली आहे. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या झाल्या, पण नकाशा त्या वेगाने फुटला नाही. सातबारा फुटतो तो फेरफाराने, म्हणजे लिखापढीने. नकाशा फुटायला पोटहिस्सा मोजणी लागते, भूमापक शिवारात यावा लागतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाव्या लागतात, फी भरावी लागते. म्हणून कितीतरी ठिकाणी सातबारे तीन आणि नकाशात तुकडा एकच, अशी स्थिती आहे. आतल्या हद्दी लोकांना ठाऊक असतात: अमक्याच्या बाभळीपासून तमक्याच्या विहिरीपर्यंत. बाभूळ पडली किंवा ती हद्द सांगणारा म्हातारा गेला की दावा सुरू होतो. त्यात १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडायला बंदी केली. तुकडे पडायचे थांबले नाहीत, ते साध्या कागदावर गेले.

याच कायद्याने एकत्रीकरणही आणलं. विखुरलेले तुकडे एकत्र करून सर्व्हे नंबरांचे गट नंबर केले गेले. हेतू उत्तम होता. पण कागदावर अदलाबदल झाली आणि बरेच जण आपापल्या जुन्या बांधावरच कसत राहिले. त्यामुळे आज अशी शेतं आहेत की सखारामच्या नावची जमीन तुकाराम कसतो आणि तुकारामच्या नावची सखाराम. (नावं उदाहरणापुरती, प्रकार खरा.) दोघांचं वागणं बरोबर, दोघांचे कागद उलटे. हे इतकं सर्रास आहे की राज्य सरकारला २०२३ मध्ये त्यासाठी ‘सलोखा’ नावाची योजना काढावी लागली. बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या जमिनीचा ताबा असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून दस्त करा आणि कागद ताब्याशी जुळवून घ्या. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. हिच्यात शिवार कागदाच्या मागे धावत नाही, कागद शिवाराकडे येतो.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण गावाचा अर्धा इतिहास तिथे असतो. कुळाचं नाव, गहाण, विहिरीतला हिस्सा, बहिणींची नावं. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. देशात क्वचितच कुठे एका तारखेने इतकी मालकी बदलली असेल. पण किंमत ठरणं, हप्ते फेडणं, प्रमाणपत्र घेणं आणि त्याचा फेरफार होणं या पायऱ्या राहिल्याच, आणि काही कुटुंबांत त्यातली एखादी पायरी आजतागायत अडकलेली आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. वारसनोंदीत त्यांची नावं लागतात, मग हक्कसोडपत्रावर सही घेऊन ती कमी होतात किंवा पुसट अक्षरात इतर हक्कात जाऊन बसतात. सातबाऱ्यावरचं हे धूसरपण नुसतं कारकुनी हलगर्जीने आलेलं नाही. तिथे बहुतेक वेळा कोणाचा तरी जिवंत हक्क दबलेला असतो.

आता नजर राज्याबाहेर टाकली की या धूसरपणाचे किती प्रकार आहेत ते दिसतं. बंगाल आणि बिहारमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्याने सारा जमीनदारांकडून घ्यायचा ठरला. रयतेपर्यंत सरकार पोचतच नव्हतं, म्हणून शेताशेताची मोजणी झाली नाही. ती झाली शंभर वर्षांनी. बिहारमध्ये आजही लोक ज्या खतियानाचा, म्हणजे तिथल्या हक्कनोंदीचा, दाखला देतात, तो बहुतेक ठिकाणी त्याच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागच्या, मोजणीतला, पणज्याच्या नावचा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे राज्यभर नवं सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हा बाहेरगावी कामाला गेलेली माणसं कागद शोधायला गावी परतली. घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या. पेटीतून निघालेले कागद कैथी लिपीत, आणि कैथी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सरकारला आपल्याच कर्मचाऱ्यांना कैथी शिकवावी लागली. आपल्याकडे मोडी लिपीने तेच करून ठेवलं आहे. आजोबांची सही आहे, मजकूर डोळ्यांसमोर आहे आणि नातवाला त्यातलं एक अक्षर लागत नाही.

गोव्यात कोडं निराळं आहे. पोर्तुगीज काळातली दस्तनोंदणी आणि करनोंद एका बाजूला, मुक्तीनंतरच्या मोजणीतून आलेला एक-चौदाचा उतारा दुसऱ्या बाजूला, आणि पोर्तुगिजांच्याही आधीपासूनची गांवकारी, म्हणजे कोमुनिदाद, तिसरीकडे. एकाच भाटाला, म्हणजे बागायती तुकड्याला, तिन्हीकडे तीन नावं असू शकतात. जुन्या पोर्तुगीज कागदांच्या बनावट प्रती करून जमिनी लाटल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. मेघालय आणि नागालँडमध्ये बहुतेक जमीन वंशगटांची आणि गावांची आहे. तिथे आपल्यासारखा सातबारा नाही आणि त्याचं अनेकांना काही अडलेलंही नाही.

आणि अबूझमाड. गडचिरोलीतल्या भामरागडच्या पलीकडे, छत्तीसगडमध्ये, सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ जंगलप्रदेश. अख्ख्या गोव्याहून मोठा. त्याची महसुली मोजणी इंग्रजांनी केली नाही आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं झाली नाही. तिथले माडिया डोंगरउतारावर पेंदा करतात: जंगलाचा तुकडा साफ करायचा, दोन-तीन वर्षं पिकवायचा, मग त्याला विश्रांती देऊन दुसरीकडे जायचं. विंगेटची साखळी इथे काय मोजणार? शेतच जागा बदलतं. अलीकडे, गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने वेगळीच वाट काढली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०१३ मध्ये गावाने ठरवलं की खासगी शेतंसुद्धा ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायची. असा निर्णय सातबाऱ्याच्या रकान्यांत बसवणं सोपं नाही.

विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून उपखंडाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि १८२३ मध्ये काम करता करताच आपल्या हिंगणघाटला देह ठेवला. त्याची कबर तिथे आहे. त्याच्या त्रिकोणांच्या जाळ्याने पुढे एव्हरेस्टची उंची सांगितली. इतकं अचूक मोजणाऱ्या देशाला हिंगणघाटच्या एखाद्या शेतातला पोटहिस्सा नेमका कोणाचा, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. कारण उंची डोंगराची असते आणि मालकी माणसामाणसांतल्या कबुलीची.

हे धूसरपण मोजायचं कसं? राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने, म्हणजे ‘एनसीएईआर’ने, २०२० मध्ये राज्यांच्या भूमी अभिलेखांचा निर्देशांक काढला. उतारे संगणकावर आले का, एवढंच पाहून ती संस्था थांबली नाही. व्यवहारानंतर फेरफार किती दिवसांनी लागतो, सातबाऱ्यावरचं क्षेत्र नकाशातल्या क्षेत्राशी जुळतं का, बोजा नोंदलेला असतो का, सामाईक नावं किती, हेही तिने तपासलं. मध्य प्रदेश पहिला आला, महाराष्ट्र पहिल्या पाचांत. पहिल्या पाचांतल्या राज्यात शिवाराची ही अवस्था असेल, तर तळाच्या राज्यांची कल्पना करावी. २०१६ मध्ये ‘दक्ष’ या संस्थेने न्यायालयांत आलेल्या पक्षकारांची पाहणी केली, तेव्हा दिवाणी दाव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जमीनजुमल्याचे निघाले.

यावर जगात एक उत्तर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सच्या पुढाकाराने १८५८ पासून नोंदवही हीच मालकी झाली. वहीत नाव त्याची जमीन, मागचे दस्त चाळायचे नाहीत, आणि सरकारच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर निधीतून भरपाई. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने त्या दिशेने कायदा केला. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये अमलात आला, २०२४ च्या निवडणुकीत गावोगाव त्याचीच भीती पसरली आणि नव्या सरकारने आल्या आल्या तो रद्द केला. वाद दिवाणी न्यायालयाऐवजी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जाणार, हे लोकांना पटेना. मला त्या भीतीत तथ्य दिसतं. हमी द्यायची म्हणजे आजची नोंद गोठवायची. आजच्या नोंदीत जी बहीण नाही, ज्या कुळाचं प्रमाणपत्र अडकलं आहे, जो सखाराम दुसऱ्याच्या गटावर कसतो आहे, ते सगळे त्या क्षणी कायमचे बाहेर. म्हणून धूसर जागा पुसण्याआधी त्यांचा नकाशा काढला पाहिजे: कुठे कागद आणि ताबा जुळत नाहीत, कुठे एकाच जमिनीवर दोन हक्क आहेत, कुठे मोजणीच झालेली नाही. देशभर प्रत्येक जमिनीला चौदा अंक-अक्षरांचा एकमेव क्रमांक देण्याचं काम चालू आहे. त्या क्रमांकापुढे मालकाच्या नावाबरोबर वादाची नोंदही तितक्याच ठळकपणे यायला हवी.

मोजणीचं हत्यार मात्र झपाट्याने बदललं आहे. शंकू-साखळी गेली, फळक गेला, आता भूमापक रोव्हर घेऊन येतो. काठीच्या टोकावरचं ते यंत्र उपग्रहांचे आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायमच्या केंद्रांचे संकेत घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं. पण हद्द कायम करताना भूमापक स्वतःची रेघ ओढत नाही. तो कार्यालयातून मूळ मोजणीच्या टिपणाची, म्हणजे मापं टाकलेल्या आराखड्याची, नक्कल काढतो. त्यातली मापं आण्यांत आहेत, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त; त्याहून बारीक त्या साखळीला दिसत नव्हतं. ते टिपण तो आजच्या मोजणीवर बसवतो, शिवारात उरलेले जुने दगड शोधतो, ओढ्याचा न हललेला काठ, तिठा धरतो, आणि मूळ रेघ कुठून गेली होती ते ठरवतो. कायद्याच्या दृष्टीने खरी हद्द तीच, एकोणिसाव्या शतकात साखळीवाल्याने टाकलेली. रोव्हर मोजणीचा क प्रत नकाशा अर्जदाराच्या हाती पडतो, आणि तो मान्य नसेल तर लगतच्या खातेदाराला वरिष्ठांकडे अपिलात जाता येतं.